कोटीचे एकशे सात

गणिताची एखादी पीडीएफ उघडा. दहाचा सातवा घात शोधा. कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. वर बसलेला सात खाली उतरतो आणि दहाच्या मागे जाऊन उभा राहतो.

एका कोटीचे झाले एकशे सात.

सूचना नाही, लाल रेघ नाही, चुकीची खूण नाही. शब्दातली वेलांटी चुकली तर यंत्र लगेच अधोरेखित करते. कोटी बुडाले तरी ते गप्प असते.

दोनाचा घन आठ. पेस्ट केल्यावर ‘तेवीस बरोबर आठ’. तीन छेद चार लिहिले होते, त्याचे चौतीस होतात. वर्गमुळाचे चिन्ह गळून पडते आणि नऊचे वर्गमूळ स्वतः नऊच होते. बँकेच्या पासबुकात असे झाले तर दुसऱ्या दिवशी शाखेसमोर गर्दी होईल. सराव प्रश्नपत्रिकेत झाले तर पोरगा पहाटे उठून चुकीचे गणित सोडवत बसतो. उत्तर जुळत नाही, तेव्हा दोष कोणाला देतो?

स्वतःला.

पुस्तकातले गणित वेबपानावर नेणे आणि वेबपानावरचे गणित परत कागदावर आणणे हा संगणकवाल्यांचा किरकोळ प्रश्न आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या मराठी शाळांमधल्या गणिताच्या सरांना विचारावे. पाठ्यपुस्तक मराठीत, पण बेंगळुरूचे. मराठीतली जादा उदाहरणे हवीत, तर ती महाराष्ट्रातल्या उदगीर, निलंगा, उमरग्याकडून. म्हणजे अभ्यासक्रम पुण्याचा. दोन्हीकडची उदाहरणे एका कागदावर आणायची, तर सरांसमोर मार्ग किती?

एकच. रात्री बसून सगळे पुन्हा टाइप करायचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. तोवर बीदर जिल्ह्यात असलेले उदगीर आणि निलंगा मुंबई राज्यात गेले, बीदर म्हैसूर राज्यात. नकाशा बदलला. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज बदलली नाही. सीमेच्या अलीकडे ती १८० अंश, पलीकडेही १८०. मग उदगीरच्या सरांनी जुळवलेले वर्गसमीकरण भालकीच्या सरांना जसेच्या तसे का वापरता येत नाही?

कारण ते फोटो होऊन येते.

सूत्राचा फोटो म्हणजे फोटोतली भाकरी. दिसते छान, पोट भरत नाही. त्यातला एक अंक बदलून नवे उदाहरण करता येत नाही. ते शोधून सापडत नाही. मोठे केले की धूसर होते. चार गटांतून फिरून आले की घाताचा आकडा नुसता ठिपका उरतो. तो वर्ग की घन? मुलगा अंदाज करतो.

गणित शिकवायचे ते अंदाजाची सवय मोडावी म्हणून. आपण फाइलच अशी देतो की अंदाजावाचून गत्यंतर नाही.

हे घडले कसे? वेब जन्मले ते जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये प्रस्ताव मांडला, १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगासाठी खुले झाले. चहूकडे समीकरणे लिहिणारी माणसे. आणि त्यांच्या अंगणात जन्मलेल्या या माध्यमाला साधा अपूर्णांक लिहिता येत नव्हता.

१९९५ मध्ये एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा आला. त्यात गणितासाठी खास खूण होती. १९९७ मध्ये ३.२ ही आवृत्ती पक्की झाली, तेव्हा ती खूण वगळलेली होती. पाने रंगवायची सोय राहिली, भागाकार मांडायची गेली.

याच्या खूप आधी कागदासाठी हा प्रश्न सुटला होता. १९७७ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची जुळणी पाहिली. ती त्यांना इतकी खटकली की त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव टेक. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक उभारले. अंश कोणता, छेद कोणता, घात कोणाच्या डोक्यावर, हे त्यात शब्दांनी लिहायचे असते. पान कसे दिसावे ते यंत्र ठरवते. एका माणसाला वाईट छपाई सहन झाली नाही, म्हणून जगभरच्या गणितज्ञांना लेखणी मिळाली.

आपल्याला वाईट छपाई सहन होते. फरक तेवढाच.

लाटेकमधले लेखन वेबवर न्यायचे ठरले, तेव्हा पहिला उपाय फोटोचाच होता. १९९०च्या दशकात लीड्स विद्यापीठातल्या निकोस ड्राकोस यांनी लाटेक-टू-एचटीएमएल हा परिवर्तक लिहिला. मजकुराचे वेबपान व्हायचे आणि अवघड सूत्रांची छोटी छोटी चित्रे. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, म्हणून त्या कामाचे मोल मोठे. आज दुसरा मार्ग आहे. तरी आपण चित्रांतच अडकलो आहोत.

दुसऱ्या मार्गाचे नाव मॅथएमएल. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एप्रिल १९९८ मध्ये त्याची शिफारस केली. त्यात सूत्र रंगवायचे नसते, सांगायचे असते: हा अपूर्णांक, हा त्याचा अंश, हा छेद, हे मूळ, हा घात. चित्रात ठिपके असतात. इथे नाते असते.

मग सगळे सुरळीत झाले? नाही. फायरफॉक्सने मॅथएमएल सांभाळले. क्रोमने जानेवारी २०१३ मध्ये घेतले आणि पुढच्याच आवृत्तीत काढून टाकले. ते परत आले जानेवारी २०२३ मध्ये, १०९ व्या आवृत्तीत. जगातल्या सर्वांत लोकप्रिय ब्राउझरला अपूर्णांक मांडायला शिफारशीनंतर पंचवीस वर्षे लागली.

आणि ते काम तडीस नेले कोणी? स्पेनमधल्या इगालिया या कंपनीने. कामगारच तिचे मालक, म्हणजे सहकारी संस्था. सहकार म्हटले की आपल्या भागात साखर कारखाना, सूतगिरणी आणि पतपेढी डोळ्यांपुढे येते. सहकारातून अपूर्णांकही उभा राहतो, हे आपल्या संचालक मंडळांना कोणीतरी सांगायला हवे.

मधली वर्षे भरून काढली मॅथजॅक्स या साधनाने. २०१० मध्ये ते आले आणि ब्राउझर साथ देवो न देवो, पानावर सूत्र नीट दिसू लागले. आजही कित्येक संकेतस्थळांवर दिसणारे सुबक समीकरण त्याचेच असते. त्यावर उजवी कळ दाबा. यादी उघडते. त्यात मूळ टेक किंवा मॅथएमएल मिळते. ते घेऊन वर्डमध्ये टाका. सूत्र जिवंत येते, अंक बदलता येतो. सोय मोफत आहे, डोळ्यांपुढे आहे.

किती शिक्षक प्रशिक्षणांत ही एक कळ दाखवली जाते?

आता मराठीचा जादा भुर्दंड. नव्वदच्या दशकात डीटीपीवाल्यांनी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्यावर मराठी छपाई उभी केली. कन्नडसाठी नुडी आणि बरहा आले. त्या काळी त्यांच्यावाचून पुस्तकच निघाले नसते. पण त्या जुन्या फाँटांत अक्षर दिसते मराठी आणि आत साठवलेले असते रोमन. फाँट काढला की ‘त्रिकोण’ या शब्दाच्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हे.

त्यावर फाँट बदलणारे परिवर्तक निघाले. साध्या मजकुराला ते चालतात. गणिताच्या पानावर ठेच लागते. परिवर्तकाला एक्स दिसतो. तो समीकरणातला चल आहे की जुन्या फाँटातल्या एखाद्या मराठी अक्षराचा मुखवटा, हे त्याला कळत नाही. तो सरसकट बदलतो. समीकरणातला एक्स नाहीसा होतो आणि त्या जागी भलतेच अक्षर येऊन बसते.

एक्स शोधा, असा प्रश्न असतो. आधी तो पानावर तरी असू द्या.

मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी आली. म्हणजे साडेतीन दशके होत आली. तरी अजून सूत्रांची पाने जुन्या फाँटात जुळवून घेणारे आहेत. कारण विचारा. ‘आमचा ऑपरेटर त्यातच टाइप करतो.’ पुस्तक लाखो मुलांचे, निर्णय एका कीबोर्डच्या सवयीचा.

आणखी एक गोष्ट. रोमन घाताचे छोटे आकडे युनिकोडमध्ये तयार मिळतात. वरचा दोन, वरचा तीन, वरचा सात. त्यांच्यावर इंग्रजीवाले वेळ मारून नेतात. देवनागरीत तसे आकडे नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी. २००९ मध्ये आले. घातासाठी ते नव्हेत. म्हणून मराठी अंकांत गणित लिहायचे तर जुगाड चालत नाही, रचनाच लागते. हे सदर साध्या मजकुरात लिहिले आहे, म्हणून पहिल्याच ओळीत घात शब्दांत लिहावा लागला.

ज्यांच्याकडे जुगाडाची सोय नाही, त्यांनी तर सर्वांत आधी मॅथएमएल धरायला हवे होते. आपण सर्वांत मागे आहोत.

वर्डने आणखी एक धडा दिला. जुना इक्वेशन एडिटर ३.० आठवतो? कित्येक शिक्षकांनी वर्षानुवर्षे त्यात प्रश्नपत्रिका केल्या. २०१७ मध्ये त्यात सुरक्षेची मोठी भगदाडे सापडली आणि जानेवारी २०१८च्या अद्ययावतीकरणात मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला. जुन्या फायलींतली सूत्रे दिसतात, पण त्या एडिटरने आता बदलता येत नाहीत. कष्ट शिक्षकांचे, किल्ली कंपनीची.

म्हणून विचारायचे ते एवढेच: ज्या स्वरूपात गणित साठवतो आहोत, ते उघडायला उद्या कोणाची परवानगी लागेल का? लागणार असेल तर ती आपली फाइल नाही.

या सगळ्यावर एक ठेवणीतले उत्तर येते. ‘आपल्या मागास भागाकडून अशा अपेक्षा कशाला?’ मागास? कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठी मळखेड आहे. आज त्या भागाची ओळख सिमेंटची. नवव्या शतकात हे मान्यखेट होते, राष्ट्रकूटांची राजधानी. अमोघवर्ष नृपतुंग गादीवर होता. त्याच्या राज्यात जैन गणिती महावीराचार्यांनी इ. स. ८५०च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ लिहिला आणि आरंभी त्याच राजाचा गौरव केला.

गणिताची मांडणी कशी टिकवायची, हे या मातीला शिकवायचे?

तो ग्रंथ संस्कृत पद्यात आहे. त्यात चोवीस स्थानांची नावे आहेत, अपूर्णांक आहेत, त्रैराशिक आहे, क्षेत्रफळे आहेत. वस्तूंतून निवड किती प्रकारे करता येते, त्याचा सर्वसाधारण नियमही आहे. सगळे शब्दांत. अमुक घे, तमुकाने भाग, मूळ काढ. पुसट चित्रावर काहीच अवलंबून नाही. पाठ करणारा पाठ करू शकत होता, ऐकणारा लिहून घेऊ शकत होता.

म्हणूनच तो ग्रंथ चालत राहिला. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तो तेलुगूत नेला. मद्रासच्या हस्तलिखितांवरून एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये संस्कृत मूळ आणि इंग्रजी भाषांतर छापले. १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांची हिंदी आवृत्ती निघाली. कुठून? शेजारच्या सोलापुरातून, जैन संस्कृती संरक्षक संघाकडून. ताडपत्रावरून कागदावर, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, एका भाषेतून तीन भाषांत. अकराशे वर्षे.

आपली सूत्रे भालकीहून उदगीरला पोहोचत नाहीत.

महावीराचार्यांना हारासारख्या संख्यांची आवड होती. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर १२३४५६५४३२१. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, सारखेच. अशा उत्तराचा एक गुण असतो: नक्कल करणाऱ्याकडून एक अंक इकडचा तिकडे झाला तर हार तुटलेला लगेच दिसतो. चूक पकडायची सोय उत्तरातच. आपल्या पीडीएफमध्ये चूक लपवायची सोय आहे.

त्यांच्याही हातून चूक झाली. संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते, असे त्यांनी लिहिले. ते चूक आहे. पण अकराशे वर्षांनी आपण ती चूक वाचू शकतो, तपासू शकतो, चूक म्हणू शकतो, कारण विधान शाबूत पोहोचले. फोटोतल्या ठिपक्याबद्दल चूक की बरोबर, हे कोण सांगणार?

आता कानाचा प्रश्न. ‘एक अधिक क्ष छेद दोन.’ मोठ्याने वाचा. छेद कोणाखाली? एकट्या क्षखाली, की एक अधिक क्ष या सगळ्याखाली? क्षच्या जागी तीन घ्या. एक उत्तर अडीच, दुसरे दोन. डोळ्याला रेघेची लांबी दिसते. दृष्टिहीन मुलाला कोण सांगणार?

याचे उत्तर पुण्यात वाढलेल्या माणसाने दिले आहे. टी. व्ही. रामन. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. तरी वाडिया महाविद्यालयात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. तिथे १९९४ मध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध लिहिला, तो अ‍ॅस्टर नावाच्या प्रणालीवर. ती लाटेकमधले गणित मोठ्याने वाचून दाखवायची. घात आला की आवाजाची पट्टी चढायची, पायाशी लिहिलेला आकडा आला की उतरायची. कानाला रेघ दिसू लागली.

हे कशाच्या जोरावर झाले? मूळ फाइलमध्ये रचना लिहिलेली होती म्हणून. रामन यांच्यापुढे सूत्राचा फोटो ठेवला असता तर अ‍ॅस्टर मुकेच राहिले असते. प्रतिभा पुण्याची असो की पॅरिसची, ठिपक्यांतून अर्थ काढायला लावू नये.

आज मॅथजॅक्समध्येही सूत्र वाचून दाखवण्याची सोय आहे. त्यामागच्या नियमांत हिंदीची भर पडली, कारण कोणीतरी चिकाटीने एकेक नियम लिहून काढला. करणी, घात, छेद, कंसाची सुरुवात, कंसाचा शेवट. मराठी शिक्षक कसे वाचतो, तसे नियम लिहायला किती माणसे लागतात?

मोजकीच. पण ती बसली पाहिजेत.

कायदा आड येतो का? उलट, तो मागे लागला आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा म्हणतो की इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम असला पाहिजे. स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. दिव्यांगांसाठी पुस्तक सुगम स्वरूपात बदलायला वाट मोकळी झाली. दृष्टिहीनांना पुस्तके मिळावीत म्हणून झालेला माराकेश करार २०१४ मध्ये मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सुगमतेचे नियम ऐच्छिक चालणार नाहीत, बंधनकारक करा.

कागदावर आपण जगात पहिले. फाइलमध्ये?

‘पण हे तांत्रिक काम आपल्याकडे कोण करणार?’ हा प्रश्न तर भारतात विचारूच नये. जगातल्या शोधपत्रिकांची जुळणी मोठ्या प्रमाणावर भारतात होते, चेन्नईत होते, तिरुवनंतपुरमला होते. टेक वापरणाऱ्यांची जागतिक परिषद २००२ मध्ये तिरुवनंतपुरमलाच भरली होती. परदेशी प्राध्यापकाचे समीकरण आपली माणसे कागदासाठी आणि वेबसाठी, दोन्हीकडे चोख बसवतात.

आणि आपल्या दहावीच्या मुलाला आपण देतो स्कॅन. कौशल्य निर्यात होते, ठिपके घरी राहतात.

मोठ्या संस्थाही उशिरा का होईना, जाग्या झाल्या. १९९१ पासून शोधनिबंध खुले ठेवणाऱ्या आर्काइव्हने डिसेंबर २०२३ पासून टेकमध्ये आलेले नवे निबंध वेबपान म्हणूनही द्यायला सुरुवात केली. त्यासाठी वापरला लाटेकएमएल हा परिवर्तक. तो मुळात अमेरिकेच्या मानक संस्थेत गणिती फलांचा कोश वेबवर आणण्यासाठी ब्रूस मिलर यांनी लिहिला होता. सगळेच निबंध सुरळीत बदलत नाहीत. तरी त्यांनी दार उघडले, आणि आतले दोष उघड दाखवत दुरुस्त करायला घेतले.

आपल्याकडे क्रम उलटा. शंभर टक्के निर्दोष होईपर्यंत काहीच द्यायचे नाही.

छोट्या शाळेसाठी तर रस्ता त्याहून सोपा आहे. पॅनडॉक नावाचे मोफत साधन आहे. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ मध्ये सुरू केलेले. वर्डची फाइल द्या, वेबपान घ्या. लाटेक द्या, वर्ड घ्या. वेबपानात सूत्रे मॅथएमएलमध्ये घेता येतात. अट एकच: मुळात सूत्र सूत्र म्हणून लिहिलेले हवे, चिकटवलेले चित्र नको. चित्र दिले तर परिवर्तक चित्रच परत देतो.

यंत्र प्रामाणिक असते. जे टाकाल तेच काढते.

आता नवा आधार मिळाला आहे: ‘एआय फोटो वाचून देईल.’ देईल. बऱ्याचदा बरोबरही देईल. पण ते वाचन म्हणजे तर्क. देवनागरीतला एक आणि नऊ पुसट छपाईत एकमेकांची जागा घेतात. गुणाकाराची फुली आणि एक्स सारखे दिसतात. शब्द चुकला तर वाक्यावरून सावरता येतो. समीकरणात नवाचा एक झाला तरी समीकरण उभेच राहते आणि उत्तरही देते, भलतेच. म्हणून फोटोतून काढलेले प्रत्येक सूत्र माणसाने तपासायलाच हवे. जी चूक आपणच पेरली, ती निवडायला पुन्हा शिक्षकाचीच रात्र.

पेरूच नका ना!

मागणी काय करायची, तेही सांगतो. नुसता त्रागा करून सरांची रात्र वाचत नाही.

शिक्षकांनी आजपासून सूत्र वर्डच्या समीकरण पेटीत किंवा लिबरऑफिसच्या सूत्रखान्यात लिहावे. वर्डला आता लाटेकही समजते. प्रश्नपत्रिकेची पीडीएफ वाटावी, पण बरोबर मूळ फाइलही द्यावी. मूळ फाइल लपवून ठेवण्यात कसली प्रतिष्ठा? दुसऱ्याने त्यातून दहा नवी उदाहरणे केली तर गणित वाढते, आपले कमी होत नाही.

तालुक्याच्या गावी डीटीपी करणाऱ्यांनी जुने फाँट सोडून युनिकोड धरावा. वेळ लागेल. पहिले दोन महिने हात अडखळेल. पण जुन्या फाँटात जुळवलेले प्रत्येक पान पुढच्या दहा वर्षांत कोणाला तरी पुन्हा जुळवावे लागणार आहे, आणि त्याची मजुरी शाळा भरणार आहे.

कडगंचीला २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे, कलबुर्गीला १९८० पासून विद्यापीठ आहे. दोन्हीकडे गणिताचा विभाग आहे आणि संगणकाचाही. एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्पासाठी विषय शोधावे लागतात. हा घ्या विषय: दहावीचे एक प्रकरण, मराठीत आणि कन्नडमध्ये, मॅथएमएलसह, कानाने ऐकता येईल असे. सुरुवात ‘गणितसारसंग्रहा’पासून केली तरी चालेल. १९१२ची आवृत्ती स्कॅन होऊन इंटरनेटवर पडली आहे. मळखेडच्या मुलीला तिच्या गावच्या राजाच्या काळातले गणित शोधयंत्रात सापडू द्या. हे काम मद्रासने एकदा केले, सोलापूरने एकदा केले. आता पाळी कोणाची?

आणि सर्वांत मोठी किल्ली बेंगळुरूला आणि पुण्याला आहे. पाठ्यपुस्तके जनतेच्या पैशांतून होतात. लेखकाला मानधन जनतेचे, जुळणी करणाऱ्याचे बिल जनतेचे. मग जुळणीची मूळ फाइल कंत्राटदाराच्या संगणकात का राहावी? पुढच्या वेळी पुस्तकाची निविदा निघेल, तेव्हा कागदाचे वजन, मुखपृष्ठाचा रंग, बांधणीचा दोरा यांच्याबरोबर तीन अटी घाला. मजकूर युनिकोडमध्ये. सूत्रे मॅथएमएल किंवा लाटेकमध्ये. मूळ फाइल पाठ्यपुस्तक मंडळाच्या ताब्यात आणि शिक्षकांसाठी खुली.

खर्च वाढेल? एकदा. आज तोच खर्च दर वर्षी, दर शाळेत, दर शिक्षकाच्या झोपेतून होतो आहे. तो कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून कोणाला टोचत नाही.

शाळेत पुस्तक आले की पालकांनी एक परीक्षा घ्यावी. पुस्तकाची वेबवरची प्रत उघडा. एक सूत्र निवडा, कॉपी करा, पेस्ट करा. घात वर राहिला तर पुस्तक पास.

खाली उतरला, तर परत पाठवा.